मे महिन्यात खिचडी कुठे जाते? नवापूर, दुष्काळ आणि कायद्यातले तीन शब्द

(हे आमच्या भागाचं लिखित रूप आहे. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आठवतात, तह आठवतात, तारखा आठवतात. आज आपण एका ताटाचा इतिहास बघणार आहोत. शाळेतल्या खिचडीचं ताट. तुमच्यापैकी बरेच जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले असतील, तर हे ताट तुम्ही स्वतः धुतलेलं असेल.

आणि आजचा प्रश्न अगदी साधा आहे. एप्रिल संपतो, निकाल लागतो, शाळेला कुलूप लागतं. जून अर्धा होईपर्यंत ते कुलूप तसंच असतं. या दिवसांत ते ताट कुठे जातं? सुट्टी शाळेला असते. पोटाला तर नसते ना?

हा प्रश्न आपण नवापुरात उभं राहून विचारणार आहोत. का नवापूर? ते पुढे कळेलच.

एक स्टेशन, दोन राज्यं

नवापूर म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, गुजरातच्या सीमेला अगदी चिकटलेलं तालुक्याचं गाव. इथल्या रेल्वे स्टेशनचे रील्स तुम्ही नक्की पाहिले असतील. स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातमध्ये. तिकीट काढायचं महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरला भेटायचं गुजरातमध्ये! १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि ही रेघ इथून गेली. पलीकडे गुजरातचा उच्छल तालुका. पूर्वी तो सुरत जिल्ह्यात होता, आता तापी जिल्ह्यात आहे. रेघेच्या दोन्ही बाजूंना भिल्ल, गावित, कोकणी, मावची बोलणारी कुटुंबं. नातीगोती तीच, बाजारही तोच.

आता गंमत बघा. १९८४ मध्ये गुजरात सरकारने प्राथमिक शाळांमध्ये मध्यान्ह भोजन सुरू केलं. त्याआधी तामिळनाडूने ही वाट दाखवली होती. १९५० च्या दशकात के. कामराज यांनी, आणि मग १ जुलै १९८२ पासून एम. जी. रामचंद्रन यांनी मोठ्या प्रमाणावर. तामिळनाडूनंतर लवकर जागं झालेल्या राज्यांत गुजरात होतं. देशभराची योजना आली ती १९९५ मध्ये. 

पण मे महिन्यात? मे महिन्यात दोन्ही बाजूंना सारखंच. शाळा बंद, चूल बंद. राज्यं वेगळी, सरकारं वेगळी, पण सुट्टीत जेवण बंद यावर मात्र सगळ्यांचं एकमत! हे एकमत आलं कुठून, ते आता बघू.

तीन किलो तांदूळ आणि ८० टक्के हजेरी

१५ ऑगस्ट १९९५. केंद्र सरकारने प्राथमिक शिक्षणाला पोषण आहाराचं पाठबळ देणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सुरुवात देशातल्या २,४०८ गटांपासून झाली. आता या कार्यक्रमाच्या नावाकडेच नीट बघा. मदत कशाला? प्राथमिक शिक्षणाला. पोषण हे साधन होतं. उद्देश होता की मुलं शाळेत यावीत, टिकावीत, पटसंख्या वाढावी.

महाराष्ट्रात सुरुवातीची बरीच वर्षं शिजवलेलं अन्न नव्हतं. मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा आणि त्यासाठी ८० टक्के हजेरी लागायची. तुमच्या मोठ्या बहीणभावांना किंवा आईवडिलांना विचारा, पिशवी घेऊन शाळेत तांदूळ आणायला गेलेले भेटतील. आता हजेरीचं बक्षीस म्हणून तांदूळ द्यायचा ठरवला, की सुट्टीचा प्रश्नच मिटतो. हजेरी नाही, तर तांदूळ कशाचा? इथेच आपल्या प्रश्नाचं मूळ आहे. हे ताट जन्मापासून हजेरीपटाला बांधलेलं आहे. मुलाच्या भुकेला ते कधी बांधलंच गेलं नाही.

पुढचं वळण आलं राजस्थानातून. २००१ मध्ये तिथे दुष्काळ होता. आणि त्याच वेळी अन्न महामंडळाच्या गोदामांत धान्य सडत होतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सांगितलं, कोरडं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या. रोज किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं आणि वर्षातून किमान २०० दिवस. त्यानंतर महाराष्ट्रात पिशवी जाऊन खिचडी आली.

पण २०० दिवस हा आकडा लक्षात ठेवा. वर्ष ३६५ दिवसांचं. उरलेले १६५ दिवस कुणाच्याच हिशोबात नव्हते.

दुष्काळ ‘जाहीर’ व्हावा लागतो

२० एप्रिल २००४. त्याच खटल्यात न्यायालयाचा आणखी एक आदेश आला. त्यात बऱ्याच गोष्टी होत्या. स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, वगैरे. आणि त्यातच एक छोटंसं वाक्य होतं. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्या. त्याच वर्षी केंद्राने योजनेचे नियम बदलले, तेव्हा ही तरतूद त्यात आली.

म्हणजे सुट्टीतही मुलाला भूक लागते, हे पहिल्यांदा कागदावर मान्य झालं. पण अट बघा. तालुका दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झालेला असला पाहिजे.

ही अट फार जुनी आहे बरं का. इंग्रजांच्या काळातले दुष्काळाचे नियम, ज्यांना ‘फॅमिन कोड’ म्हणत, ते याच पद्धतीने चालत. आधी अधिकारी पाहणी करणार, मग दुष्काळ जाहीर होणार, मग खडी फोडण्याची कामं निघणार. कामावर आलेल्या मजुरांच्या लहान मुलांना तयार अन्न देण्याची सोयसुद्धा त्या नियमांत होती. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, ज्याला संवत १९५६ वरून ‘छपन्नचा दुष्काळ’ म्हणतात, त्याने गुजरात आणि खानदेश होरपळून काढले. नवापूर तेव्हा खानदेश जिल्ह्यातच होतं. पश्चिम खानदेश, मग धुळे आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार, हा पुढचा प्रवास.

मग १९७२ चा दुष्काळ. आजीआजोबांकडून तुम्ही ऐकलं असेल. दुष्काळी कामं, परदेशातून आलेला मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. त्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमीसारखी योजना देशाला दिली. वि. स. पागे यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. रोजगार हमीचं वैशिष्ट्य काय होतं? दुष्काळ जाहीर होण्याची वाट बघायची गरज नाही. हाताला काम नसेल तर कामाचा हक्क आहे. मोठ्या माणसांच्या कामाबाबत आपण सत्तरच्या दशकातच ‘जाहीर’ या शब्दातून बाहेर पडलो. मुलांच्या उन्हाळी जेवणाबाबत मात्र २००४ मध्येही त्याच शब्दात अडकलो.

आणि दुष्काळ मोजतात कसा? पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा, पिकाची स्थिती. यात कुठेही मुलाचं वजन येत नाही. नवापूरकडे पाऊस तसा बरा पडतो, भाताचं पीक होतं. म्हणजे पावसाच्या मापाने चांगलं वर्ष. पण याच नंदुरबार जिल्ह्यात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. तालुक्यात दुष्काळ नसतो, पण घरात असू शकतो.

नवापूरचा मे महिना

आता जरा त्या महिन्यात घराकडे बघू. या भागातून दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. बारडोली आणि दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात. यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकाने सत्तरच्या दशकापासून खानदेशातून जाणाऱ्या या ऊसतोड मजुरांवर लिहिलं आहे. म्हणजे ही वाट किमान पन्नास वर्षं जुनी आहे. हंगाम संपतो उन्हाळ्यात. कुटुंब परत येतं. कारखान्याच्या मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच फिटण्यात गेलेली. हातात थोडे पैसे, समोर पेरणीचा खर्च. बी, खत, बैलाचं किंवा ट्रॅक्टरचं भाडं. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये वेचून झालेली. आणि पुढे पावसाळा, जो आदिवासी पट्ट्यात सगळ्यात अवघड. काम कमी, आजार जास्त, घरातलं धान्य तळाला.

शाळेची सुट्टी येते ती नेमकी या आधीच्या दीड महिन्यात. डॉक्टरमंडळी सांगतात की कमी वजनाचं मूल पावसाळ्यातल्या जुलाब-तापाला लवकर बळी पडतं. त्यामुळे मे महिन्यात घटलेलं एक किलो मे महिन्यातच राहत नाही. त्याचा हिशोब ऑगस्टमध्ये चुकता होतो.

आणि त्यातही सगळ्या मुलांची सुट्टी सारखी नसते. तीन मुलं डोळ्यासमोर आणा, एकाच घरातली.

सगळ्यात धाकटी चार वर्षांची. ती अंगणवाडीत जाते. अंगणवाडीचा आहार वर्षाला ३०० दिवसांच्या हिशोबाने ठरलेला आहे. म्हणजे महिन्याला २५ दिवस, उन्हाळा धरून. शिवाय नवापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो. त्यामुळे २०१५-१६ पासूनच्या अमृत आहार योजनेतलं अंडं किंवा केळंसुद्धा तिच्या वाट्याचं आहे. कागदावर तरी तिचा मे महिना झाकलेला आहे.

मधला आठ वर्षांचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्याचं दुपारचं एक जेवण बंद. वयाची सहा वर्षं ओलांडून तो पहिलीत गेला आणि त्याच्या ताटातला उन्हाळा गायब झाला. हा बदल त्याच्या भुकेमुळे झाला नाही. त्याचं खातं बदललं, महिला-बालविकासातून शिक्षणात.

मोठी तेरा वर्षांची. ती आश्रमशाळेत राहते. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेत नाश्ता आणि दोन वेळचं जेवण असतं. ती सुट्टीला घरी आली की तिचं एक नाही, सगळंच जेवण घरावर येतं. आईला मुलगी घरी आल्याचा आनंद आणि त्याच वेळी डब्यातल्या पिठाचा अंदाज, दोन्ही एकदम.

एक चौथी व्यक्तीही आहे, जिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. शाळेत खिचडी शिजवणारी ताई. केंद्राच्या नियमात स्वयंपाकी-मदतनिसांचं मानधन वर्षात फक्त दहा महिन्यांचं आहे. २००९ मध्ये ते महिना १,००० रुपये ठरलं. राज्यं त्यात भर घालतात, पण दहा महिने हे दहा महिनेच. तिची स्वतःची मुलं बहुतेक त्याच शाळेत असतात. म्हणजे मे महिन्यात त्या घरातून ताटही जातं आणि मानधनही.

एका पिशवीचा हिशोब

आपण नेमकं किती अन्नाबद्दल बोलतोय? चला, हिशोब करू. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाचं प्रमाण आहे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा. सुट्टीतले रविवार वगळून साधारण ३५ दिवस धरा.

साडेतीन किलो तांदूळ. सातशे ग्रॅम डाळ. पावणेदोन किलो भाजी. पावणेदोनशे ग्रॅम तेल.

बस, एवढंच. एका कापडी पिशवीत मावेल. सहावी ते आठवीच्या मुलासाठी याच्या दीडपट.

कुणी म्हणेल, अहो पण रेशन मिळतंच ना? मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो आणि २०२३ पासून तेही मोफत. हा मुद्दा खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. १८९९ किंवा १९७२ सारखी परिस्थिती आज नाही, याचं मोठं कारण रेशन आहे. पण रेशनची पिशवी बारा महिने तेवढीच असते. मुलं शाळेत जेवतात तेव्हाही तेवढीच आणि घरी जेवतात तेव्हाही तेवढीच. शिवाय त्या हक्काच्या पिशवीत गहू-तांदूळ आहे, डाळ नाही. खिचडीतला जो भाग घरात मिळणं अवघड, तोच सुट्टीत जातो. आणि हे नवापुरात घडतं हे विशेष. इथली तूरडाळ इतकी नावाजलेली की तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. कुक्कुटपालनही इतकं मोठं की २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथेच सापडल्यावर काही लाख कोंबड्या माराव्या लागल्या. डाळ आणि अंडी पिकवणारं गाव. प्रथिनांची कमतरता इथे बाजारात नाहीच, ती ताटात आहे.

कायद्यातले तीन शब्द

२०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. फार मोठी गोष्ट होती. शाळेतलं जेवण ही सरकारची मेहेरबानी राहिली नाही, मुलाचा कायदेशीर हक्क झाला. कलम ५ मध्ये लिहिलंय की सहा ते चौदा वयाच्या, आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी आणि अनुदानित शाळेत रोज एक वेळचं मोफत जेवण. आणि मधेच तीन शब्दांचा मतलब येतो. शाळेच्या सुट्ट्या वगळून.

म्हणजे १९९५ च्या योजनेत जे हजेरीच्या अटीमुळे आपोआप होत होतं, ते २०१३ मध्ये कायद्याने पक्कं झालं. हक्क मिळाला आणि त्याच वाक्यात त्याला सुट्टीही मिळाली.

मग पुन्हा दुष्काळ आला. २०१५-१६ मध्ये देशातली बारा राज्यं होरपळली. महाराष्ट्रात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आठवतंय ना? स्वराज अभियानने याचिका केली. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही शाळेत जेवण द्या आणि आठवड्यातून शक्यतो पाच, निदान तीन दिवस अंडं, दूध किंवा तसं काही पौष्टिक द्या. आदेश आला मे महिन्याच्या मध्यात. सुट्टी तोवर सुरू होऊन गेलेली! ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नंदुरबार जिल्ह्यातलेही काही तालुके त्यात होते. २०१९ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुट्टीतल्या आहाराचा विषय आला.

यात अडचणी काय असतात, तेही बघू. शिक्षक सुट्टीवर असतात, त्यांनी रोज यायचं का? विहिरीला पाणी नाही, मग स्वयंपाक कशाने? ऊन एवढं की दुपारी बाराला मूल दोन किलोमीटर चालून ताटापर्यंत येणार का? आणि आईवडील अजून ऊसतोडीवर असतील, तर मूल गावात तरी आहे का? ‘शिक्षकांना सुट्टी हवी म्हणून जेवण बंद’ असं म्हणणं सोपं आहे, पण अन्याय्य आहे. ऐनवेळी काढलेला आदेश ऐनवेळी पाळताना जे व्हायचं तेच होतं. ज्या गोष्टीची तयारी जानेवारीत व्हायला हवी, ती दर वेळी एप्रिलनंतर सुरू झाली.

१५६ रुपयांची गोष्ट

मग आलं २०२०. मार्चमध्ये शाळा बंद. १८ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राज्यांना विचारलं की शाळा बंद, मग मुलांच्या जेवणाचं काय? आणि एप्रिलच्या शेवटी केंद्राने जाहीर केलं की या वर्षी उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजनाचा लाभ द्यायचा, त्यासाठी सुमारे १,६०० कोटी रुपये जादा खर्च येईल.

हा क्षण महत्त्वाचा आहे. पहिल्यांदाच दुष्काळाच्या यादीशिवाय, सगळ्या देशातल्या सगळ्या मुलांचा मे महिना धरला गेला. धान्य, डाळ घरी वाटली गेली. म्हणजे इतकी वर्षं जे अशक्य वाटत होतं, ते एका परिपत्रकाने झालं. त्यासाठी किती पैसे लागतात, तो आकडाही पहिल्यांदा समोर आला.

आणि मग २०२१. या उन्हाळ्यात महाराष्ट्रात ठरलं की वस्तू न देता पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात टाकायचे. सुट्टीचे ३५ दिवस धरून पहिली ते पाचवीला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीला २३४ रुपये. म्हणजे लहान मुलामागे दिवसाला साधारण साडेचार रुपये. आता पहिलीतल्या मुलाचं बँक खातं असतं का? राज्यभर शिक्षक आणि पालक विचारू लागले की १५६ रुपयांसाठी खातं उघडायचं, त्यात पाचशे-हजार ठेवायचे, तर हिशोब कुठे बसतो?

नंदुरबारमध्ये या गोष्टीला आणखी एक धार आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे दिलं गेलं? याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. थेट लाभाच्या युगाची सुरुवात ज्या जिल्ह्यातून झाली, तिथेही एका मुलाच्या मे महिन्यातल्या जेवणासाठी पाड्यावरून बँकेच्या गावी जायचं म्हणजे गाडीभाडं आणि एक दिवसाची मजुरी. १५६ रुपये तिथेच संपायचे.

यातून थेट पैसे वाईटच, असा निष्कर्ष काढायचा नाही. रक्कम आणि रस्ता, दोन्ही बघावे लागतात एवढंच.

अमेरिकेतही हाच प्रश्न

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असं समजू नका. अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा १९४६ चा. पण उन्हाळ्यात काय, हा प्रश्न तिथेही मागे राहिला. १९६८ मध्ये प्रयोग म्हणून उन्हाळी जेवणाची केंद्रं सुरू झाली. मूल बागेत, वाचनालयात, चर्चमध्ये यायचं आणि तिथेच बसून जेवायचं. शहरात हे बरं चाललं. खेड्यात मुलं केंद्रापर्यंत पोचतच नव्हती. ओळखीचं वाटतंय ना?

मग तिथे कार्डावर पैसे देण्याचे प्रयोग झाले आणि २०२४ च्या उन्हाळ्यापासून ही कायमची योजना झाली. गरीब घरातल्या शाळकरी मुलामागे महिना ४० डॉलर, तीन महिन्यांचे १२०. काही राज्यांनी पहिल्या वर्षी भाग घ्यायला नकारही दिला. पण फरक बघा. तिथे आता उन्हाळा दरवर्षी येतो हे गृहीत धरलंय. दुष्काळ पडो न पडो, साथ येवो न येवो. सुट्टी हेच कारण पुरेसं आहे.

आपल्याकडे २००४, २०१६, २०१९, २०२०, २०२१. पाच वेळा मे महिन्याचं ताट कागदावर आलं. पाचही वेळा कारण संकटाचं होतं आणि संकट सरलं की ताटही सरलं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये योजनेचं नाव बदलून ‘पीएम पोषण’ झालं. नावात आता पोषण पुढे आलं, शिक्षण मागे गेलं. पण दिनदर्शिका शाळेचीच राहिली.

मग करायचं काय?

इतिहासाच्या भागात उपदेश नको, पण इतिहासच काही वाटा दाखवतो.

एक, अंगणवाडी. सुट्टीतही जेवण देणारी यंत्रणा गावात आधीच आहे. तिची चूल मे महिन्यातही पेटते. सहा वर्षांवरच्या भावंडाचं ताट तिथेच मांडता येतं. अर्थात अंगणवाडी सेविकेवर फुकटचं काम न लादता, शाळेच्या स्वयंपाकी ताईला त्या दोन महिन्यांचं मानधन देऊन.

दोन, पिशवी. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी निकालपत्राबरोबर ती पिशवी हातात देता येते. २०२० मध्ये हे करून झालंय. ऊसतोडीवर गेलेल्या मुलाला मात्र ती परत आल्यावरही मिळाली पाहिजे.

तीन, ग्रामसभा. नवापूरसारख्या अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत आणि २०१५ पासून ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतल्या निधीचा ५ टक्के वाटा थेट मिळतो. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, ग्रामसभा भरतेच. म्हणजे शाळा बंद होण्याच्या अगदी तोंडावर. तुम्ही गावात असाल तर उठून एवढंच विचारा की आपल्या गावात सहा ते चौदा वयाची मुलं किती आणि दीड महिना त्यांच्या दुपारच्या जेवणाचं काय? उत्तर लगेच मिळणार नाही. पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या. कागदावर आलेला प्रश्न सहज पुसता येत नाही.

आणि चौथी वाट दिल्लीतून जाते. त्या तीन शब्दांची. कायदा माणसांनी लिहिलाय, माणसंच बदलू शकतात. तीन किलो तांदळाची शिजवलेली खिचडी झाली, तीही सरकारने आपणहून दिलेली नाही. कुणीतरी गोदामात सडणाऱ्या धान्याकडे बोट दाखवलं म्हणून झाली.

तर मंडळी, आजचा भाग इथे थांबवतो. तुमच्या शाळेत २०२० किंवा २०२१ च्या सुट्टीत काय मिळालं होतं? तांदूळ, डाळ, पैसे की काहीच नाही? आम्हाला नक्की कळवा. आणि ज्या मित्रमैत्रिणींनी तो तांदूळ पिशवीतून घरी नेलाय, त्यांना हा भाग पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, उन्हाचं जपून राहा.